कपाळावरची खूण

उसने आणलेले पुस्तक परत न करणाऱ्या माणसांविषयी मी आजवर वर्गात, घरी आणि सभासंमेलनांतून पुष्कळ कडक शब्द वापरले आहेत. छत्री परत करायला विसरणारा मनुष्य खरोखरच विसराळू असू शकेल. परंतु पुस्तक परत करायला विसरणाऱ्याची स्मरणशक्ती शाबूत असते, ती फक्त सोयीपुरती चालते, असे माझे मत होते व अजूनही आहे. असे असता माझ्याच कपाटाच्या वरच्या फळीवर, शेक्सपिअरच्या नाटकांच्या मागे, एक जाडजूड इंग्रजी कादंबरी गेली पंचवीसएक वर्षे पडून आहे, आणि तिच्या पहिल्या पानावर दुसऱ्याच गृहस्थाची सही आहे. ही कादंबरी मी का ठेवून घेतली, हे सांगण्यापूर्वी ती कोणती हे सांगितले पाहिजे.

ती म्हणजे फ्रँक हर्बर्ट ह्या अमेरिकन लेखकाची 'ड्यून'. ग्रहाग्रहांमधील युद्धाची ही कथा १९६५ साली पुस्तकरूपाने निघाली. तत्पूर्वी, डिसेंबर १९६३ पासून, ती एका मासिकात टप्प्याटप्प्याने येत होती. वीसांहून अधिक प्रकाशकांनी ती नाकारली, आणि अखेर ज्यांनी स्वीकारली ते प्रकाशक मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांबद्दल प्रसिद्ध होते, ही हकीकत मला नेहमी मौजेची वाटते. पुढे तिला ह्युगो व नेब्युला हे दोन्ही मानाचे पुरस्कार मिळाले आणि नाकारणाऱ्या प्रकाशकांना पश्चात्तापाची चांगली सोय झाली. हर्बर्ट मूळचा वृत्तपत्रकार. ऑरेगन प्रांताच्या किनाऱ्यावर फ्लॉरेन्स नावाच्या गावाजवळ वाळूच्या टेकड्या सरकत सरकत रस्ते व घरे गिळू लागल्या होत्या. विशिष्ट जातीचे गवत लावून ती वाळू जागच्या जागी बांधून ठेवण्याचा प्रयोग सरकारने चालविला होता. त्यावर लेख लिहावा म्हणून तो १९५७ साली तेथे गेला. लेख काही छापून आला नाही. पण वाळू त्याच्या डोक्यातून गेली नाही, आणि त्या वाळूचा एक सबंध ग्रहच त्याने निर्माण केला.

हे पुस्तक माझ्या हाती ठेवले ते आमच्या महाविद्यालयातील भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी. ते माझ्याहून दहा-अकरा वर्षांनी वडील. आम्ही सारे त्यांना भाऊसाहेब म्हणत असू. मी त्या काळी मिल्टन शिकवीत होतो, आणि मिल्टन शिकविणाऱ्या तरुण माणसाला जगातील बहुतेक पुस्तके तुच्छ वाटतात. अंतराळयाने आणि परग्रहांवरील राक्षस ह्यांच्या कथा मी शाळकरी मुलांच्या खात्यात टाकल्या होत्या. भाऊसाहेब वाद घालीत बसले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "ह्यात फितूर कोण, हे लेखकाने दुसऱ्याच प्रकरणात सांगून टाकले आहे. मग पुढची चारशे पाने माणसाने कशासाठी वाचायची, तेवढे वाचून मला सांगा." इंग्रजीच्या प्राध्यापकाला डिवचण्याचा ह्याहून चांगला उपाय नाही. मी पुस्तक घरी नेले आणि दिवाळीच्या सुटीत तीन रात्री जागून काढल्या.

कथानकाचा सांगाडा थोडक्यात असा. फार दूरच्या भविष्यकाळी मनुष्यजात असंख्य ग्रहांवर पसरली आहे. वर एक सम्राट, त्याच्याखाली सरदारांची घराणी, आणि ह्या सर्वांची ने-आण करणारा नाविकांचा एक मक्तेदार संघ. अराकिस नावाच्या वाळवंटी ग्रहावर मेलांज हे द्रव्य मिळते. त्यावाचून नाविकांना ताऱ्यांमधून वाट दिसत नाही आणि श्रीमंतांना दीर्घायुष्य लाभत नाही. ह्या ग्रहाची जहागीर सम्राट शद्दाम एका घराण्याकडून काढून दुसऱ्यास देतो. देतो कोणाला, तर ड्यूक लेटो अ‍ॅट्रायडीझ ह्या लोकप्रिय सरदाराला. आणि देतो ती त्याचा नाश करण्यासाठी. इतर सरदार लेटोचे ऐकू लागले आहेत, ही गोष्ट सम्राटाला खुपते आहे. म्हणून तो लेटोचा हाडवैरी बॅरन हार्कोनेन ह्याच्याशी आतून संधान बांधतो आणि आपले कसलेले सैनिक त्याच्या सैन्याचे कपडे चढवून रात्री पाठवून देतो. बक्षिसाच्या रूपाने दिलेली फाशी असेच ह्या जहागिरीचे वर्णन करता येईल. गंमत अशी की, लेटोला हे सर्व कळते. सापळा आहे हे ओळखूनच तो त्यात पाऊल टाकतो, कारण न टाकणे अधिक धोक्याचे असते. त्याला कळत नाही ती एकच गोष्ट: किल्ल्याचा दरवाजा आतून कोण उघडणार?

आपल्याकडे फितूर म्हटला की सूर्याजी पिसाळ. १६८९ साली रायगड मोगलांच्या हाती गेला तो ह्याच्यामुळे, असे आपण लहानपणापासून ऐकतो; मग ते तसेच घडले की काय ह्याविषयी इतिहाससंशोधक खुशाल भांडोत. एवढा मोठा गड पडला तर त्याला एक नाव पाहिजे, एक तोंड पाहिजे, ही समाजाची गरज असते. हर्बर्टने ही गरज फार चांगली ओळखली होती. त्याच्या कादंबरीत प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी राजकन्या इरुलान हिच्या ग्रंथांतील उतारे दिलेले आहेत, आणि त्यांतून आपल्याला कळते की पुढच्या पिढ्यांनी त्या फितुराच्या नावावर शिव्याशापांचा डोंगर रचला आहे. तो फितूर म्हणजे ड्यूकच्या घरचा वैद्य, डॉक्टर युए.

ह्या युएच्या ठायी कादंबरीतील सर्वांत विलक्षण कल्पना आहे, असे मला वाटते. अजस्र वाळवंटी किड्यांबद्दल, ज्यांच्या पाठीवर बसून त्या ग्रहाचे लोक प्रवास करतात, सर्व जग बोलते. पण किडा कितीही मोठा केला तरी तो किडाच. युए हा सुक नावाच्या वैद्यकशाळेचा पदवीधर आहे. ह्या शाळेत वैद्याच्या मनावर असे संस्कार करण्यात येतात की, त्याच्या हातून रोग्याचा घात होणे अशक्य व्हावे. आणि ते संस्कार पुरे झाले म्हणजे त्याच्या कपाळावर चौकटच्या आकाराची एक खूण गोंदण्यात येते. खुद्द सम्राटदेखील अशा वैद्यापुढे निर्धास्तपणे जीभ बाहेर काढून दाखवतो. त्या जगात विचार करणारी यंत्रे धर्माज्ञेने निषिद्ध आहेत. जे काही आहे ते माणसांच्या शिक्षणावर उभे आहे, आणि म्हणून शिक्षणाच्या खुणेवर लोकांचा एवढा विश्वास. बॅरन हार्कोनेनने ती खूण पुसली नाही. त्याने युएच्या पत्नीला, वानाला, कैद केले व तिच्या यातनांच्या मोलाने युएला विकत घेतले. खूण कपाळावर तशीच राहिली. म्हणूनच तर तो उपयोगी पडला.

एवढ्यावर बॅरन थांबत नाही. ड्यूकचा हेरप्रमुख म्हातारा थुफिर हवात ह्याच्या हाती पडेल अशा बेताने तो एक अर्धवट नष्ट झालेली चिठ्ठी पाठवतो. ड्यूकवर घाव पडेल तो प्रिय हाताचा असेल, असा तिचा रोख. झाले! हवातचा संशय जेसिकेवर जातो. जेसिका म्हणजे ड्यूकची सहचारिणी आणि पॉलची आई. 'ध'चा 'मा' करायलादेखील आपल्याकडे कोणाला तरी लेखणी हाती घ्यावी लागली, असे म्हणतात. येथे अक्षर बदलावे लागले नाही, वाचणाऱ्यानेच ते मनात बदलून घेतले. जेसिका परक्या पंथात वाढलेली, तिची जन्मकथा कोणाला माहीत नाही, ती बाई आहे, आणि ड्यूकने तिच्याशी विवाह केलेला नाही. युए पदवीधर आहे. मग संशय कोणाचा घ्यायचा, ह्याबद्दल हवातसारख्या गणिती डोक्याच्या माणसालाही शंका राहत नाही.

त्या तीन रात्रींनंतर मी भाऊसाहेबांना माझे उत्तर सांगितले. फितूर कोण हे आधी कळल्यामुळे आपण 'कोण' हा प्रश्न सोडून 'ह्यांना कसे दिसत नाही' ह्या प्रश्नाकडे वळतो, आणि तोच खरा प्रश्न आहे, असे काहीसे मी बोललो. भाऊसाहेब खूश झाले. "पुस्तक राहू द्या तुमच्याकडे," ते म्हणाले, "पुन्हा वाचावेसे वाटेल." आमची मैत्री त्या दिवसापासून.

पुढे सात-आठ वर्षांनी आमच्या संस्थेत विद्यार्थ्यांकडून जमविलेल्या एका निधीचा हिशेब जुळेना. भाऊसाहेबांना आकड्यांचे वेड. त्यांनी तीन वर्षांचे अहवाल समोर घेऊन कोष्टके मांडली आणि विद्यापीठाकडे पाठविण्यासाठी चार पानांचा अर्ज लिहिला. इंग्रजी दुरुस्त करण्यासाठी तो त्यांनी मला दिला. मी लाल शाईने दुरुस्त केला. त्यावर सही करायला ते तयार होते. करू नका, असा सल्ला मीच दिला. मग तो कार्यालयातील हेडक्लार्कने आपल्या घरी रात्री बसून टंकलिखित करून दिला. म्हणजे अर्ज कोणाचा हे भाऊसाहेबांखेरीज आम्हा दोघांनाच ठाऊक.

महिन्याभराने संस्थेच्या चिटणिसांनी मला बोलावून घेतले. टेबलावर त्या अर्जाची प्रत होती. ते गृहस्थ मोठे गोड बोलणारे. "इंग्रजी फार चांगले आहे हो," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी सांगायला हवे होते, की होय, ते माझेच आहे. त्याऐवजी मी ती पाने हाती घेतली, परीक्षेची उत्तरपत्रिका तपासावी तशी उलटली, आणि म्हणालो, "इंग्रजी काय, कोणीही दुरुस्त करून देईल. पण हे तिसऱ्या पानावरचे कोष्टक पाहा. इतके नेटके कोष्टक मांडणारा माणूस रोज निरीक्षणे मांडणाराच असला पाहिजे." चिटणीस हसले. त्यांनी माझ्यासाठी चहा मागविला आणि तो मी प्यालो.

मी नाव उच्चारले नाही, ही गोष्ट पुढे कित्येक वर्षे मी स्वतःला बजावीत आलो आहे. युएची पत्नी शत्रूच्या कैदेत तरी होती. माझे कोणीच कैदेत नव्हते. माझी पत्नी त्या सकाळी चकलीची भाजणी दळून आणायला गेली होती. मला विभागप्रमुख व्हायचे होते, ते पुढे झालोही. पण त्या क्षणी तेही मनात नव्हते. मनात होती ती फक्त भीती, आणि तीदेखील फार मोठी नव्हे. रस्त्यात कुत्रे अंगावर आले म्हणजे माणूस शेजाऱ्याच्या मागे सरकतो, तेवढीच.

भाऊसाहेबांवर उघड आरोप कोणी केला नाही. प्रयोगशाळेतील फुटक्या उपकरणांची चौकशी निघाली. वेळापत्रकात त्यांचे तास सकाळी सात आणि दुपारी चार असे विखुरले गेले. वसतिगृहाचे काम काढून घेण्यात आले. दोन वर्षांत कंटाळून त्यांनी मुदतीपूर्वी निवृत्ती घेतली व ते आपल्या गावी निघून गेले. जाण्यापूर्वी एका संध्याकाळी ते माझ्याकडे आले होते. बाहेर पाऊस लागला होता. ते म्हणाले, "तुम्हाला आणि त्याला, दोघांनाच माहीत होते. म्हणजे तोच." मी गप्प राहिलो. त्यांच्या गणितात चूक नव्हती. दोनांतून एक वजा करताना त्यांनी कोणता वजा करायचा, हा प्रश्नच स्वतःला विचारला नव्हता. मी प्राध्यापक, एम. ए., मिल्टन शिकविणारा. तो हेडक्लार्क, संस्थेच्या चिटणिसांच्या हाताखाली रोज वावरणारा, तीन मुलांचा बाप. कपाळावरची खूण पाहूनच वजाबाकी झाली होती.

त्या हेडक्लार्कचा थोरला मुलगा त्या वर्षी बारावीला होता. भाऊसाहेब त्याला रोज सकाळी आपल्या घरी भौतिकशास्त्र शिकवीत, अर्थात विनामूल्य. संशय आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती शिकवणी बंद झाली. पोरगा दोन दिवस येऊन दाराशी उभा राहिला आणि मग यायचा थांबला. हे मला तेव्हा माहीत होते.

ही सारी जुनी गोष्ट पुन्हा वर यायचे कारण चित्रपट. 'ड्यून'वर १९८४ मध्ये एक चित्रपट निघाला होता; अलीकडे, २०२१ व २०२४ मध्ये, डेनी व्हिलनव्ह ह्या दिग्दर्शकाने ती कथा दोन भागांत पडद्यावर आणली. माझे विद्यार्थी ते दोन्ही पाहून आले आणि वाङ्मयमंडळात ह्या कादंबरीवर बोला म्हणून मागे लागले. मी होकार दिला. बोलणे चांगले रंगले. मग पहिल्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, डॉक्टरचा संशय कोणालाच का येत नाही?" मी तिला सुक शाळेचे संस्कार समजावून सांगू लागलो, कपाळावरची खूण सांगितली, आणि मध्येच माझे शब्द संपले. मुलांना वाटले सर दमले. कोणी तरी पाण्याचा पेला आणून दिला.

घरी येऊन शेक्सपिअरच्या मागून मी ते पुस्तक काढले. चित्रपटात जेसिकेवरील संशयाचा धागा जवळजवळ गाळलेला आहे. दृश्ये भव्य आहेत, वाळूचा आवाज छातीत घुमतो, परंतु हा धागा गेल्यामुळे माझ्या मते कथेचा एक प्राणच गेला आहे. कादंबरीत युएची गोष्ट पहिल्या तृतीयांशातच संपते. तो ड्यूकला गुंगी देऊन बॅरनच्या हाती देतो. पण त्याच ड्यूकच्या तोंडात विषारी वायूचा एक खोटा दात बसवतो, पॉल आणि जेसिका वाचावीत म्हणून वाळवंटात लागणारे सामान व चिठ्ठी ठेवतो, आणि पत्नी केव्हाच मेलेली आहे हे अर्धेअधिक ओळखूनही बॅरनसमोर जाऊन सुरीला बळी पडतो. ड्यूक तो दात फोडतो. त्या विषाने बॅरनचा कुटिल सल्लागार मरतो, बॅरन निसटतो. पहिल्या वाचनाच्या वेळी ह्या साऱ्याने मी भारावलो होतो. शोकांतिकेचा नायक म्हणून मी युएवर वर्गात बोललोदेखील असेन.

ह्या वेळी माझे लक्ष युएवर ठरेना. फितूर मेला तरी संशय मरत नाही, हे हर्बर्टने केवढ्या चिकाटीने दाखविले आहे! युएची चिठ्ठी पॉल व जेसिका ह्यांच्या हाती पडते, इतरांच्या नाही. गर्नी हॅलेक हा ड्यूकचा इमानी योद्धा दोन वर्षांहून अधिक काळ मनात सूड जपतो आणि जेसिका भेटताच तिच्या अंगावर सुरी घेऊन धावतो. पॉल मध्ये पडतो म्हणून ती वाचते. म्हातारा हवात तर त्याच समजुतीपायी बॅरनच्या चाकरीत उरलेले आयुष्य काढतो. आपण जेसिकेवर अन्याय केला हे त्याला कळते ते आयुष्याच्या अखेरच्या दिवशी, आणि मरता मरता तो तिला तसे सांगतो. आणखी एक जागा मला पहिल्या वाचनात दिसलीच नव्हती. संकटापूर्वी जेसिका व युए एकदा बोलत असतात. हा माणूस काही तरी दडवीत आहे हे तिला जाणवते. माणसाच्या मनातले काढून घेण्याची विद्या तिला येते. पण मित्राची परीक्षा पाहणे तिला हलकटपणाचे वाटते, आणि ती विषय सोडून देते. ज्या बाईवर सारे घर संशय घेत असते, तिच्याजवळ मात्र संशय घेण्याइतकाही क्षुद्रपणा नसतो.

मागच्या रविवारी मी त्या हेडक्लार्कच्या घरी गेलो. ते निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. गावाबाहेरच्या वसाहतीत दोन खोल्यांत राहतात. थोरल्या मुलाचे खाली विजेच्या मोटारी दुरुस्त करण्याचे दुकान आहे. मी आलेला पाहताच तो हात पुसत उठला आणि मला वर घेऊन गेला. मी मनाशी तयारी करून गेलो होतो. वाक्येही जुळविली होती. परंतु खुर्चीवर बसल्यावर ती वाक्ये मला वर्गातल्या व्याख्यानासारखी वाटू लागली, तेव्हा मी सरळच सांगितले, की त्या अर्जाविषयी चिटणिसांना कळले ते माझ्याकडून.

ते काही वेळ गुडघे चोळीत बसले. मग म्हणाले, "दोघांनाच तर माहीत होते, सर. त्यांतला मी नव्हे, हे मला ठाऊकच होते."

"मग भाऊसाहेबांना तुम्ही सांगितले का नाही?"

"सांगितले असते. पण त्यांनी मला विचारलेच नाही." आणि थोड्या वेळाने, "शिवाय त्यांचा विश्वास बसला नसता. उगाच तुमचे नाव घेतले असे झाले असते."

खालून मुलाने चहा पाठविला. तुमच्या लाल शाईतल्या दुरुस्त्यांचा तो कच्चा मसुदा अजून माझ्या पेटीत आहे, हवा आहे का, असे त्यांनी निघताना विचारले. मी नको म्हटले. जिन्यात मात्र मला वाटले, घ्यायला हवा होता. जाळण्यासाठी नव्हे, भाऊसाहेबांना पाठविण्यासाठी. मी परत वर गेलो आणि तो मागून आणला.

आता तो त्या कादंबरीत घातला आहे, गर्नी सुरी घेऊन धावतो त्या पानाशी. पुडके बांधून झाले आहे, पत्ता घातला आहे. भाऊसाहेबांना मी तीन पत्रे लिहिली आणि तिन्ही फाडली, कारण प्रत्येकात मी शेवटी शेवटी थोडासा युए होऊ लागत होतो. पत्राऐवजी हा लेख लिहिला. ते ह्या मासिकाचे जुने वर्गणीदार आहेत. अंक त्यांच्याकडे वेळेवर पोहोचतो आणि ते तो पहिल्या पानापासून क्रमाने वाचतात, हे मला माहीत आहे. अंक निघाला की दुसऱ्या दिवशी मी पुडके टपालात टाकीन.